काकी, तुझ्या खळ्यातलं ऊन

काकी, शुक्रवारी झाडांचे खड्डे खणायला माणसं आली होती. टिकाव-फावडी घेऊन तुझ्या मागच्या दारासमोर उभी राहिली, आणि मी त्यांना परत पाठवलं. म्हटलं, सोमवारी या. मुकादम यादवजी म्हणाले, "मॅडम, सोमवारी तरी पक्कं ना? पावसाच्या आधी झाडं लागली पाहिजेत." मी पक्कं म्हटलं आणि तुझ्या पायरीवर बसून राहिले. तू असतीस तर त्यांना परत पाठवायची वेळ माझ्यावर आलीच नसती. तूच त्यांच्या टिकावासमोर पाट टाकून बसली असतीस.

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. जाताना कुणाला तसदी दिली नाहीस. दुपारी जेवलीस, आडवी झालीस आणि चहाला उठली नाहीस. पण भांडण अर्धं ठेवून गेलीस, आणि त्याचा निकाल मला एकटीला लावायला ठेवलास. हे काही बरं केलं नाहीस.

तुझ्या सुनेने, रूपालीने, मला सांगितलं की गावठाणातल्या मंडळाच्या अंकात काकींवर काहीतरी लिही. जन्म, गाव, मुलं-नातवंडं हे सगळं तुझ्या मुलाने, संजयने, लिहून दिलंय. मला ते लिहायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. फक्त वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगावं लागेल. तेवढा वेळ तू मधे बोलू नकोस.

तर, बोरीवलीचं आपलं जुनं गावठाण दहिसर नदीच्या काठावर आहे. नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या किती जुन्या, ते गावठाणातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही सांगता येत नाही. पूर्वी घरांची तोंडं नदीकडे होती. मग नदीचा नाला झाला, काठावर काँक्रीटची भिंत आली, आणि एकेका घराने नदीकडची दारं-खिडक्या लावून घेतल्या. गेल्या काही वर्षांत पालिकेने हा काठ नीट करायचं काम काढलं. सांडपाणी वेगळं न्यायचं, भिंतीच्या जागी मातीचा हिरवा उतार करायचा, पायऱ्या मोकळ्या करायच्या, चालायला वाट, बसायला कट्टे आणि भरपूर झाडं. नकाशे काढायचं काम अंधेरीच्या आमच्या ऑफिसला मिळालं, आणि सरांनी ते माझ्याकडे दिलं. माझ्या नावावरचं ते पहिलं काम. मी भांडुपच्या चाळीत वाढले. वडील साकीनाक्याला एका गाळ्यात पॉलिशच्या मशीनवर होते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि ही गोष्ट मी जिथे-तिथे सांगते. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी सांगते.

तुलाही पहिल्याच दिवशी सांगितली होती. मी भिंतीलगत टेप धरून उभी होते आणि वरच्या खिडकीतून तुझा आवाज आला.

"काय मोजतंस गो? घर पाडूक इलंस काय?"

"नाही हो काकी. बाग करायचीय."

"बाग? हय? मच्छरांका फिराक?"

एवढी वर्षं बोरीवलीत काढून तुझी मालवणी काही सुटली नव्हती. रागावलीस की जास्त, लाड करताना त्याहून जास्त. मी म्हटलं, तुम्ही खाली या, मी नकाशा दाखवते. खाली आलीस ती हातात चहाचे दोन कप घेऊनच, आणि आल्या-आल्या बजावलंस, "तुम्ही-बिम्ही माका नको. तुम्ही म्हटला की बँकेत गेल्यासारखा वाटता." माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईला 'तू' म्हणायला माझी जीभ वळेना. मग तूच सुचवलंस, एक दिवस भांडून बघ, आपोआप येतला. तसंच झालं. पहिलं 'तू' माझ्या तोंडून आलं ते "तू ऐकून तर घे" या वाक्यात.

त्या चहावर तू मला आडनाव विचारलंस. सरळ. हल्ली लोक आडून विचारतात, गाव कुठलं, घरी काय-काय करता, कुठल्या देवाला जाता. तू आडनाव विचारलंस आणि मी पण सरळ सांगितलं. आडनाव सांगितलं, आम्ही मूळचे साताऱ्याकडचे बौद्ध हे सांगितलं, आणि त्याच दमात घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट हेही. तू कपातला शेवटचा घोट घेतलास.

"मगे बोंबील खातंस मा?"

"खाते."

"तर मग जेवूनच जा."

तुझ्या मागच्या दारासमोर, पायऱ्यांच्या डोक्यावर, एक दगडी फरसबंदीची मोकळी जागा आहे. माझ्या नकाशात तिला नाव नव्हतं. तू तिला खळं म्हणायचीस, तुझ्या गावच्या घरापुढच्या सारवलेल्या अंगणासारखं. नदीचा नाला झाला, वास मारायला लागला, तरी गावठाणातल्या बायकांनी ती जागा सोडली नाही. होळी झाली की तिथे वाळवण सुरू. पोह्याचे पापड, सांडग्या मिरच्या, मसाल्याच्या मिरच्या, आमसुलं, पावसाळ्यासाठी आणलेल्या सुक्या बोंबलांना पुन्हा एकदा दाखवायचं ऊन. कावळ्यांवर राखण ठेवायला एक फाटकी काळी छत्री आणि एक बाई. बायकांच्या पाळ्या असायच्या, पण मला मात्र तिथे कायम तूच दिसायचीस, पाटावर बसलेली, हातात काठी, आणि कावळ्यांना नावं ठेवलेली. त्यातल्या एका कावळ्याचं नाव आमच्या सरांवरून ठेवलं होतंस. हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही. अंक छापून आला की कळेलच.

एका एप्रिलात मी मोजमाप तपासायला आले, तर तू मला बसवून हातात पोळपाट दिलास. एक आजी हळूच म्हणाल्या, "तिला कशाला लावतेस, पाहुणी आहे ती." कोण कशासाठी पाहुणी म्हणतं ते मला लहानपणापासून कळतं, आणि तुलाही कळलं. तू पिठाच्या गोळ्यावरून मान वर केली नाहीस. म्हणालीस, "पावणी तर तू पण. लगीन होऊन विरारसून इलंस. आम्ही तुका उठवला काय? लाट गो तू." सगळ्या हसल्या, त्या आजीही हसल्या, आणि मी लाटायला लागले. माझा पहिला पापड कोकण किनाऱ्यासारखा निघाला, एका बाजूला सगळ्या खाड्या. तू तो उन्हात सगळ्यात पुढे घातलास आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलंस, हा आमच्या इंजिनेरणीचा.

"काकी, मी इंजिनिअर नाही, आर्किटेक्ट आहे."

"एकच ता."

त्या दुपारबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आपण दोघी असल्या गोष्टी बोलणाऱ्यांतल्या नव्हतोच, भांडणाऱ्यांतल्या होतो. आता सांगते. घरी जाऊन मी आईला सांगितलं तर तिने आधी गव्हाचा डबा उघडून बघितला. मग म्हणाली, "कुरडया करून देते, घेऊन जा त्यांना." तू त्या कुरडया तळून खाल्ल्यास आणि तेल जास्त पितात म्हणून तक्रार केलीस. आईला ते कळल्यावर ती इतकी खूश झाली की विचारू नकोस. म्हणाली, नावं ठेवली म्हणजे आपल्यातली मानली.

मग ती मीटिंग. शेजारच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, पालिकेचे साहेब, सोसायटीवाले, गावठाणवाले, सगळे एकत्र. मी पडद्यावर चित्रं दाखवत होते. कॉम्प्युटरने केलेली, नवा काठ कसा दिसेल त्याची. हिरवा उतार, सावलीची वाट, फुगे घेतलेली मुलं, कुत्रा फिरवणारं जोडपं. मी रात्रंदिवस खपून केली होती. सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून तू.

"ही गोरी माणसां खयची?"

त्या चित्रांत घालायची माणसं तयार मिळतात, काकी, परदेशी असतात, हे मी तुला नंतर शंभरदा समजावलं. त्या दिवशी मात्र माझी वाट लागली. हॉल हसत होता. साहेबही हसत होते. आणि हसू ओसरल्यावर तू दुसरा प्रश्न विचारलास.

"बरा. माणसां बदल. पण ह्याच्यात ऊन खय आसा?"

मी म्हटलं, म्हणजे?

"सगळीकडे सावली काढलंस. खळ्यावर पण झाडां. सावलीत मिरची वाळता काय गो?"

इथे आपलं खरं भांडण सुरू झालं, आणि ते तू जाईपर्यंत चाललं. मला वाळवण कळत नव्हतं असं कुणी समजू नये. मी चाळीत वाढलेय. आमच्या चाळीपुढे मोठं अंगण होतं. आई तिथे कुरडया घालायची, आम्ही तिथेच अभ्यास करायचो. एक दिवस कुणाचा तरी टेम्पो आला. दोन दिवसांसाठी म्हणाला. मग दुसरा आला. पाऊस संपेपर्यंत अंगण संपलं होतं. आज तिथे माणसाला आडवं चालून घरात जावं लागतं. मुंबईत मोकळी, सपाट, फरसबंदी जागा ठेवायची म्हणजे गाड्यांना आमंत्रण पाठवायचं. म्हणून मी खळ्यावर झाडं काढली होती. चांगली घट्ट, बाजूने दगडी कट्टे असलेली, म्हणजे चाक आत जाणार नाही. मी तुझी जागा वाचवत होते, काकी. तू म्हणायचीस मी ती खाते.

"झाडाखाली तर लोक पयली गाडी लावतत. सावली गावता."

"कट्टा आहे ना बाजूने. वर कशी चढेल?"

"कट्टो आसा, झाड आसा, गाडी नाय. पण मगे माझी मिरची खय?"

"आणि झाडं नाही लावली आणि गाडी आली तर?"

"मी आसंय मा हय. कोण लावता ता बघतंय मी."

हे तुझं ठरलेलं उत्तर. त्यावर मी नकाशा गुंडाळायचे, कारण त्यापुढचा प्रश्न तोंडावर विचारता येत नाही. तू किती दिवस असणार, काकी? तो मी कधी विचारला नाही. आता त्याचं उत्तर मिळालं आणि मला ते नकोय.

सगळ्यात तू जिंकायचीस असं मात्र कुणी समजू नये. काँक्रीटची भिंत पाडू नका म्हणून तू पालिकेच्या साहेबांना दारात अडवलं होतंस. मातीचा उतार पहिल्या पुरात वाहून जाईल म्हणालीस. मी म्हटलं, गवताची मुळं धरून ठेवतील, पाणी पसरेल आणि उतरेल. गेल्या पावसाळ्यात पाणी चढलं, उतारावर पसरलं आणि निमूट उतरलं. माती जिथल्या तिथे. मी ऑफिस सोडून बोरीवलीला आले, फक्त तुझं तोंड बघायला. तू दारात उभी होतीस.

"बघितलंस?"

"पाऊसच खय पडलो औंदा."

गुडघाभर पाण्यातून मी आले होते, काकी.

आणि हंसाबेन. सोसायटीतल्या पहिल्या मजल्यावरच्या. त्या मीटिंगमध्ये माझ्याही आधी तुझ्याशी त्याच भांडल्या. "काकी, पापड ठीक छे, पण मासे नको ने. वास येते. अमारे घरमां देरासर छे." देरासर म्हणजे त्यांचं जैन देवघर. तू म्हणालीस, दुपारचा वारा खाडीकडून येतो, तुमची बिल्डिंग खाडीच्या बाजूला, वास सगळा आमच्याच घरात जातो. हंसाबेन म्हणाल्या, वारा काय तुमचं ऐकतो? त्यावर तू खाली बसलीस. तू वाद सोडलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

पण तू तिथे थांबली नाहीस. तुला कुठून तरी कळलं की त्यांच्या सोसायटीने गच्चीला कुलूप घातलंय. वर सोलर बसवलं, कुणी चढायचं नाही. एवढी मोठी बिल्डिंग, एवढं ऊन डोक्यावर, आणि हंसाबेनच्या बटाट्याच्या कातऱ्या बेडरूममध्ये पंख्याखाली. तू त्यांना खिडकीखालून हाक मारलीस, "हंसाबेन, कातरी घेऊन खाली ये. ऊन फुकट आसा." त्या आल्या. पहिल्या दिवशी नाकाला पदर लावून आल्या. मग तुम्ही दोघींनी मिळून कायदा केला. मासे फक्त बुधवार-शुक्रवार, तेही खळ्याच्या पार त्या टोकाला. रविवारी मासे खाल्ले जातील पण वाळवले जाणार नाहीत. आणि पर्युषणात अजिबात नाही, तसंही तेव्हा पाऊस असतो, हे तू त्यांना सांगितलं नाहीस. मोठ्या मनाने सोडल्यासारखं दाखवलंस. हंसाबेनना ते कळलं होतं, बरं का. त्यांनीच मला सांगितलं.

आपलं शेवटचं बोलणंही खळ्यावरूनच. सरांनी मला सांगितलं होतं की झाडं तिथे लावायची की दुसरीकडे, ते तू ठरव, काम तुझं आहे. मी तुला येऊन म्हटलं, "काकी, शेवटचं विचारते. झाडं लावू दे. तुझ्यासाठी एक कोपरा ठेवते उन्हाचा." तू म्हणालीस, "कोपऱ्यात एक म्हातारी वाळवतली. गाव नाय वाळवणार." मी चिडले. म्हटलं, "तुझ्यानंतर इथे स्कूटर लागली की मला काय तोंड दाखवशील?" तू हसलीस आणि म्हणालीस, "तेवा मी तोंड दाखवूक येतलंय खय?" दोघी हसलो. मी चहा न पिता निघाले, कारण चार-पंचवीसची गाडी पकडायची होती. चहा घ्यायला हवा होता.

तर शुक्रवारी माणसांना परत पाठवलं, शनिवारभर डोकं खाजवलं. घरी आईला विचारलं. ती म्हणाली, त्यांची जागा, त्यांनाच विचार. म्हटलं, त्या नाहीत. म्हणाली, बाकीच्या आहेत ना. म्हणून काल रविवारी सकाळी उशिरा मी बोरीवलीला आले.

आणि काकी, मी बरोबर होते. खळ्याच्या ऐन मधे एक स्कूटर उभी होती. चकचकीत, निळी. मला एका क्षणात आमच्या चाळीपुढचा तो टेम्पो दिसला. अंगणाचं काय झालं ते सगळं डोळ्यांपुढून गेलं. तुझा महिना भरला नाही आणि आली बघ. तुला सांगायला मी तुझ्या दाराकडे वळलेसुद्धा. सवय.

मग नीट बघितलं. स्कूटरवर जुनी साडी पांघरलेली होती. सीटवर, पाय ठेवायच्या जागेवर, पुढच्या डिकीवर, हँडलवर, सगळीकडे. आणि त्या साडीवर बटाट्याच्या कातऱ्या. आरशाला काळी छत्री अडकवलेली. हंसाबेन तुझ्या पाटावर बसल्या होत्या. पलीकडे त्या विरारच्या आजी सांडग्या मिरच्या पालथ्या करत होत्या.

"हे काय, हंसाबेन?"

"सकाळी आलो ने, तो ही उभी. जागा कमी पडली. उंचावर चांगलं सुकते. कावळा पण कमी येते."

थोड्या वेळाने स्कूटरवाला आला. तरुण मुलगा, जिमची बॅग खांद्याला. तो स्वतःच्या गाडीला ओळखेना. एक चक्कर मारून बघितलं, मग नंबरप्लेटवरची साडी उचलून खात्री केली.

"आंटी, ही गाडी माझी आहे."

"हो, तुझीच छे. छान छे."

"मला जायचंय."

विरारच्या आजींनी मानही वळवली नाही. "जा की. चालत जा."

"अहो आजी, गाडी घेऊन जायचंय."

"आत्ता उचलल्या तर तुटतील त्या. बाई पहाटे उठून बटाटे किसत बसली होती. चारनंतर ये."

"चार? यार, मी दोन मिनिटांसाठी लावली होती."

"दोन मिनिटांत काय वाळतं रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली दिसत असणार, म्हणजे माझ्याकडून न्याय मिळेल असं त्याला वाटलं. मी म्हटलं, "मी इथली नाही, माझा फक्त नकाशा आहे." तो कट्ट्यावर बसला. हंसाबेननी त्याला कोवळ्या उन्हातल्या अर्धवट वाळलेल्या कातऱ्या दिल्या, त्या कशा चिवट लागतात तुला ठाऊक आहे. त्याने खाल्ल्या, आणखी मागितल्या. मग आजींनी त्याच्या हातात काठी दिली आणि त्या जेवायला गेल्या. मी निघाले तेव्हा तो कावळे हाकत होता आणि फोनवर कुणाला तरी सांगत होता की अडकलोय, कारण सांगितलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस.

निघण्याआधी रूपाली मला आत घेऊन गेली होती. तुझ्या फळीवर आमसुलांची बरणी होती, गच्च भरलेली, काळीभोर. मी म्हटलं, ही गेल्या वर्षीची का? ती म्हणाली, नाही, यंदाची.

मला कळेना. आमसुलं एका दिवसात होत नाहीत. कोकमाची सालं वाळवायची, पुन्हा रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, असे पुट द्यावे लागतात, दिवसचे दिवस. तू गेलीस तेव्हा तुझी आमसुलं खळ्यावरच होती, अर्ध्यावर. मला आठवतं, मी आले तेव्हा परात उन्हात तशीच होती आणि तुला घरात ठेवलं होतं. घरात सुतक. रूपाली हात लावणार नव्हती. मला वाटलं होतं, गेली ती फुकट.

"मला पण तेच वाटलं," रूपाली म्हणाली. "रात्री सगळं आटोपून आलो तर परात नाही. म्हटलं, कुणी फेकली असेल. तेराव्यानंतर हंसाबेन ही बरणी घेऊन दारात. रोज पुट दिला म्हणाल्या. त्यांना येत नव्हतं, विरारच्या आजींना खिडकीतून विचारून-विचारून केलं. परात एकीकडे, रस दुसरीकडे, राखण तिसरीकडे. कुणाची पाळी कधी हे मला माहीत पण नाही. मला कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही."

मी एक आमसूल तोंडात टाकलं. मीठ जरा जास्त झालंय, काकी. तुझ्या हातचं नाही ते लगेच कळतं. पण वाळलंय कडक. चांगली दोन वर्षं टिकेल.

म्हणजे बघ, तू इतके महिने मला सांगत होतीस, मी आहे ना इथे. आणि मी तुझं बोलणं खरं मानून बसले. खळ्यावर राखण काकीची, काकी गेली की राखण गेली, असा माझा साधा हिशेब. तुला पाटावर बसलेली बघून मला बाकीच्या दिसल्याच नाहीत. तुलाही दिसत होत्या की नाही कोण जाणे. तूही आपल्याला फार समजायचीस, रागावू नकोस. पण तू त्यांना तिथे बसवून ठेवलंस, विरारच्या आजींना आणि पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेनना एकाच उन्हात, हे मात्र तुझंच. झाड लावून जागा वाचते हे मी आजही म्हणते. आमच्या चाळीपुढे एक झाड असतं तर अंगण राहिलं असतं. किंवा आमच्या चाळीत तुझ्यासारखी एक असती तर. यातलं कुठलं खरं, ते भांडत बसायला आता तू नाहीस, म्हणून दोन्ही खरं धरते.

आज सकाळी मी सरांना फोन केला. एकही झाड कमी होणार नाही, ती वाटेच्या पलीकडे सोसायटीच्या कुंपणालगत सरकतील, तिथे सावली हवीच आहे, असं सांगितलं. सर म्हणाले, "आणि मधली जागा? वर्षभरात तिथे पार्किंग झालं तर नाव तुझं खराब होईल." म्हटलं, होऊ दे सर, नाव माझंच आहे. ते म्हणाले, ठीक आहे, सही तुझी.

मग यादवजी आले, माणसं घेऊन. मी त्यांना कुंपणालगतच्या जागा दाखवल्या. करंज इथे, जांभूळ तिथे, ताम्हण वाटेच्या वळणावर. त्यांनी चुन्याने गोल काढले. मग खळ्याकडे बोट केलं. तिथे ऊन नुसतं पडून होतं, आणि एका कडेला कुणीतरी मसाल्याच्या मिरच्या घातल्या होत्या.

"आणि मॅडम, इथे काय लावायचं?"

"काही नाही."

"फरशी बदलायची?"

"नाही."

"कुंडी? बाक?"

"काही नाही, यादवजी."

त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "लोक विचारणार, मॅडम. एवढ्या मोठ्या बागेत मधलंच काम अर्धं कशाला सोडलं? काय सांगू?"

"सांगा, तिथलं काम झालंय."